ह्यूस्टनचं वाळवण

ह्यूस्टनमध्ये डुकराच्या तळलेल्या कातडीची पाकिटं पेट्रोल पंपावरसुद्धा मिळतात. मेक्सिकन लोक तिला चिचरॉन म्हणतात आणि त्यांच्या मटणाच्या दुकानांत ती ताजी, गरम, तोलून देतात. तरीही नवऱ्याला ती घरी करायची होती. आमच्याकडे 'घरी करायची' याचा कर्ता तो असला, तरी क्रियापद माझ्या वाट्याला येतं.

कातडी आली ती अखंड, आणि मधूनमधून केसाळ. ते केस साध्या दाढीच्या रेझरने काढतात. तेवढं काम नवऱ्याने मन लावून केलं. स्वतःची दाढी तो इतक्या काळजीने करत नाही.

मग तासभर तरी उकडायचं. उकडल्याने कातडीतलं कोलॅजन सुटून त्याचं जिलेटिन होतं. घराचं काय होतं, हे मात्र कुठल्याच पाककृतीत लिहिलेलं नसतं. निवल्यावर आतली चरबी चमच्याने खरवडायची, आणि ती सगळी निघाली पाहिजे, कारण जिथे चरबी राहते तिथे कातडी फुलत नाही.

साताऱ्याहून आलेल्या सासूबाई मटण खातात, पण हे नाही. पदर नाकाला लावून त्या स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. तुकडे वाळायला पसरलेले दिसले मात्र, आणि उभ्या आयुष्यात कुरडयांचे डबेच्या डबे भरलेल्या बाईला राहवेना.

"अगं, उन्हात घाल की!"

"आई, इथल्या दमट हवेत वाळत नाही. आणि वाळलंच तर रात्री रॅकून पळवतात."

ओव्हन सगळ्यात कमी आकड्यावर, म्हणजे ७७ सेल्सियसच्या आसपास ठेवून रात्रभर चालू. सकाळी त्यांनी उंबऱ्याच्या पलीकडूनच हुकूम सोडला, "मोडून बघ. वाकलं तर कच्चं. टक्कन मोडलं पाहिजे." जगभरचे चिचरॉनवाले हेच सांगतात. तुकड्यात राहिलेल्या जरा​शा पाण्याचीच गरम तेलात वाफ होते आणि ती त्याला फुगवते. पाणी जास्त राहिलं तर तेल आपल्या अंगावर येतं.

तळण अर्थात गराजमध्ये. अमेरिकेतल्या कितीतरी मराठी घरांत बांगड्याचीही तीच जागा असते. तेल २०० सेल्सियसच्या आसपास तापलं, तुकडा बुडाला, तळाशी जरा रेंगाळला आणि टम्म फुगून वर आला. "फुलली गं!" सासूबाई ओरडल्या. पदर नाकावरून कधीच सुटला होता.

मी संधी साधली. म्हटलं, "आई, तुम्ही ज्यांच्या नावाच्या विमानतळावर उतरलात ना, ते थोरले बुश हीच कातडी टॅबॅस्कोचा तिखट सॉस घालून आवडीने खायचे. ब्रोकोलीला मात्र त्यांनी १९९० मध्ये राष्ट्राध्यक्ष असताना जाहीर नकार दिला होता."

"त्यांना तळून द्यायला माणसं होती," त्या म्हणाल्या.

खरी परीक्षा वाढताना. ही कातडी ह्यूस्टनच्या हवेत बघता बघता सादळते, आणि मराठी मंडळींना सहाचं बोलावणं म्हणजे सव्वासातला पहिली गाडी. त्यामुळे मी चांगली साडी नेसून गराजमध्ये तेलावर पहारा देत होते. ताटलीसमोर ठळक अक्षरांत 'पोर्क' अशी पाटी लावली होती. ती वाचूनही प्रत्येकाने विचारलं, "हे कशाचं?" मग कारणं सुरू झाली. कुणी फक्त चिकन खातं, कुणाची आज चतुर्थी, कुणी खातं पण सासऱ्यांसमोर नाही. ते सासरे ताटलीपाशीच उभे होते, लिंबू पिळत.

सगळ्यात जास्त खाल्लं ते कर्बोदकं टाळणाऱ्या, कीटो डाएटवाल्या मित्राने. यात कर्बोदकं शून्य, असं तो तोंड भरलेलं असताना सांगत होता. प्रथिनंही भरपूर, म्हणाला. बाजारच्या पाकिटावर प्रथिनांचा चांगला भरघोस आकडा असतो, हे खरं. पण त्याच पाकिटावर बारीक अक्षरांत हेही असतं की हा प्रथिनांचा महत्त्वाचा स्रोत नाही. हे मी त्याला सांगितलं नाही. दोन दिवसांच्या कष्टांना इतका मन लावून खाणारा दुसरा कोण मिळणार होता?

पाहुणे गेल्यावर न तळलेले तुकडे उरले. पारदर्शक, पिवळसर, खडखडीत. सासूबाईंनी लांबूनच निरखून पाहिले.

"डब्यात भर. आणि वर मराठीत चिठ्ठी लाव, मोठ्या अक्षरांत. नाहीतर एखाद्या एकादशीला मीच साबुदाण्याच्या पापड्या म्हणून तळायची."