शेंगाचटणी राहिली की!
तुमच्या लेखात पार्क चौपाटीवरच्या खाण्याच्या गाड्यांबद्दल छान लिहिलंत, पण सोलापूरच्या खाण्यावर लेख आणि त्यात शेंगाचटणी, कडक भाकरीचं नावच नाही हे पटलं नाही बघा. चटणी घ्यायची तर उखळात कुटलेलीच घ्या, दाणे लसूण तिखट जिरं सगळं एकजीव होऊन तेल सुटतं, कागदात बांधून दिली तर घरी येईपर्यंत पुडीवर तेलाचा डाग पडलेला असतो, मिक्सरमधल्या चटणीचा नुसता भुगा होतो. सोबत घट्ट दही पाहिजेच. कडक भाकरी पापडासारखी पातळ, कितीतरी दिवस टिकते, माझी बहीण पुण्याला जाताना दरवेळी पन्नास तरी नेते. जानेवारीत सिद्धेश्वरच्या गड्ड्याला, म्हणजे यात्रेला या, तेव्हा तीळ लावलेली बाजरीची कडक भाकरी मिळते, ती सोडू नका.