खामच्या पाण्याला ईसीजीची चिप

ईसीजीचं मॉड्यूल पाच-सहाशे रुपयांत मिळतं, मग खाम नदीचं नाहीतर वाळूजच्या ईटीपीचं, म्हणजे कारखान्याचं सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्लांटचं, पाणी मोजायला लाखाचा परदेशी प्रोब, म्हणजे पाण्यात बुडवायचा सेन्सर, कशाला? संभाजीनगरच्या जुन्या इंजिनिअर मंडळींच्या ग्रुपवर हा वाद काही संपत नाही. एक गट म्हणतो, इलेक्ट्रोड तो इलेक्ट्रोड, छातीला लावा नाहीतर नाल्यात सोडा. दुसरा म्हणतो, आपल्याकडे काही टिकतच नाही, बाहेरूनच मागवा. अमेरिकेत ओहायोतल्या डेटनमध्ये बसून हे वाचताना दोघांचाही राग येतो.

पहिल्या गटाचं अर्धं खरं आहे. पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन मोजणारा प्रोब मुळात दवाखान्यातलाच. लेलँड क्लार्क यांनी तो रक्तासाठी बनवला आणि १९५६ साली प्रसिद्ध केला, तेही इथून जवळच्या यलो स्प्रिंग्जमध्ये असताना. प्लॅटिनमचा कॅथोड, चांदीचा अ‍ॅनोड, पोटॅशियम क्लोराइडचं द्रावण, वरून प्लास्टिकचा पातळ पडदा आणि ०.६ ते ०.८ व्होल्ट. पुढे हीच रचना एरेशन टँकमध्ये, म्हणजे सांडपाण्यात हवा सोडणाऱ्या टाकीत, उतरली.

ईसीजीच्या चिपचं मात्र तसं नाही. त्या स्वस्त मॉड्यूलमधली एडी८२३२ ही चिप घ्या. इलेक्ट्रोडचा स्वतःचा स्थिर व्होल्टेज गाळून टाकायचा आणि हृदयाचा एखाद्या मिलिव्होल्टचा हलता सिग्नल तेवढा वाढवायचा, यासाठीच ती बनवली आहे. पीएच किंवा फ्लोराइडचा सिग्नल म्हणजे नेमका तो स्थिर व्होल्टेज. चिप तोच फेकून देते! फिल्टर काढला तरी भागत नाही. पीएचच्या काचेचा रोध २०० मेगाओहम धरा आणि इनपुटचा करंट ५० पिकोअँपियर. तेवढ्यानेच १० मिलिव्होल्टची चूक, म्हणजे पीएचमध्ये जवळजवळ ०.१७. तिथे फेम्टोअँपियरवाला, म्हणजे पिकोच्याही हजाराव्या भागात करंट घेणारा अ‍ॅम्प्लिफायर लागतो, इनपुटभोवती गळका करंट अडवणारी गार्ड रिंग लागते आणि बोर्ड कोरडा ठेवावा लागतो. पावसाळ्यात पंपहाऊसमधल्या पेटीत कोरडा बोर्ड कसा ठेवणार, ते ग्रुपवरच्या विद्वानांनी सांगावं.

आता दुसरा गट. बाहेरून आणलेला प्रोबही इथे टिकत नाही, कारण दवाखान्यात त्याच्यामागे नर्स असते, नाल्यावर कोणी नसतं. छातीवरचा चिकट इलेक्ट्रोड ती बदलते, आणि रक्तातले वायू मोजणारं यंत्र ठरावीक वेळाने स्वतःचं कॅलिब्रेशन करून घेतं, म्हणजे माहीत असलेल्या प्रमाणाशी आकडा जुळवून घेतं. नाल्यात नाहीतर टाकीत पडद्यावर जिवाणूंचा बुळबुळीत थर बसतो, थरातले जीव ऑक्सिजन खातात आणि आकडा खाली येतो. टाकीत हवा सोडणारा ब्लोअर उगाच धावतो, विजेचं बिल वाढतं. सांडपाण्यातला हायड्रोजन सल्फाइड पडद्यातून आत शिरून चांदी काळी करतो. मग पडदा काढा, अ‍ॅनोड पातळ अमोनियात बुडवून धुवा, कॅथोडवरून ४०० नंबरचा पॉलिशपेपर ओला करून हलक्या हाताने फिरवा, ताजं द्रावण भरा आणि नवा पडदा सुरकुती किंवा बुडबुडा न ठेवता बसवा. पंधरा मिनिटं व्होल्टेज देऊन थांबा. मगच हवेत कॅलिब्रेशन, आणि तेही पुस्तकातल्या आकड्याने नव्हे. ३० अंशांना समुद्रसपाटीवर लिटरमागे ७.५६ मिलिग्रॅम ऑक्सिजन येतो. संभाजीनगर साडेपाचशे मीटरवर आहे, तिथे सातच्या आसपास. हा फरक न धरणाऱ्याचा मीटर पहिल्या दिवसापासून जास्त दाखवतो.

इथे ओहायोतल्या प्लांटवर हे काम क्लास थ्री परवान्याचा ऑपरेटर करतो आणि लॉगबुकात सही करतो. यात मोठेपणा काही नाही, पगार त्याचाच असतो. आणि लगेच 'तुमच्याकडे सगळं स्वच्छ' हे नको. २०१४च्या ऑगस्टमध्ये ओहायोतल्याच टोलेडोत शेवाळाच्या विषामुळे लाखो लोकांना नळाचं पाणी पिऊ नका म्हणून सांगावं लागलं होतं.

नांदेड जिल्ह्यातल्या किनवटकडच्या बोअरमधल्या फ्लोराइडसाठी मात्र नाल्यात प्रोब टांगायची गरजच नाही. लँथेनम फ्लोराइडचा स्फटिक असलेला इलेक्ट्रोड प्रयोगशाळेत ठेवा. नमुना आणि टिसॅब, म्हणजे त्यासाठीचं तयार बफर द्रावण, समान घ्या. त्याने पीएच पाच ते साडेपाचवर राहतो आणि अ‍ॅल्युमिनियमने धरून ठेवलेलं फ्लोराइड सुटतं. लिटरमागे १ आणि १० मिलिग्रॅमची प्रमाण द्रावणंही त्याच बफरमध्ये, त्याच तापमानाला हवीत. दोन्हींतला फरक ५४ ते ६० मिलिव्होल्ट आला नाही तर पुढचं वाचन लिहूच नका. एका मिलिव्होल्टची चूक म्हणजे चार टक्के, आणि आपली मर्यादा १ ते १.५ मिलिग्रॅममध्येच आहे.

इथे डेटनमधल्या मायामी नदीवरच्या बैठकीत माझा आवाज चढत नाही, संभाजीनगरच्या खामचा विषय निघाला की चढतो. तिकडे ना मी मतदान करतो, ना घरपट्टी भरतो. ग्रुपवर एकाने हे ऐकवलंच, आणि त्याला उत्तर देता आलं नाही.

तरी एवढं विचारतोच. २०१४ पासून केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने साखर कारखाने, डिस्टिलरी, औषध कंपन्यांना ऑनलाइन मीटर सक्तीचे केले. त्यांच्या निविदेत प्रोबच्या ओळीखाली वर्षभराचे पडदे, द्रावण, बफरच्या बाटल्या आणि आठवड्यातून एकदा हात घाण करणाऱ्या माणसाचा पगार लिहिलेला असतो का? असेल तर प्रोब पुण्याचा घ्या नाहीतर ओहायोचा, माझी हरकत नाही.