ड्रोन आले म्हणून तोफा भंगारात काढायच्या?

गेल्या आठवड्यात आमच्या गावच्या ग्रुपवर एक मेसेज येऊन पडला. तुमच्याकडेही तो आला असेल. मजकूर असा: "पन्नास हजारांचा ड्रोन पन्नास कोटींचा रणगाडा उडवतो. अझरबैजाननं ड्रोनवर युद्ध जिंकलं, युक्रेन ड्रोनवरच टिकून आहे. रणगाडे, तोफा, पायदळ हे सगळं गेल्या शतकातलं. पुढची लढाई खोलीत बसून, बटणावर, चार दिवसांत संपेल. सैन्य निम्मं करा आणि पैसा ड्रोनला द्या." खाली शाबासकीचे अंगठे.

मी सतरा वर्षं तोफखान्यात होतो. १९९९चा उन्हाळा कारगिलच्या लढाईत द्रासला काढला. मेसेज वाचून राग आलाच, पण त्याहून काळजी जास्त वाटली. आमच्या सातारा भागात पोरं पहाटे उठून भरतीसाठी पळतात आणि त्यांच्याच मोबाइलवर हे फिरतंय. म्हणून एकेका वाक्याला उत्तर देतो.

त्याआधी एक गोष्ट कबूल करायला हवी. ड्रोननं लढाई बदलली आहे, आणि चांगलीच बदलली आहे. युक्रेनच्या आघाडीवर आज दिवसाउजेडी उघड्यावर उभं राहायची सोय उरलेली नाही. खंदकाच्या मागे दहा-पंधरा किलोमीटरवर रसद घेऊन जाणारी गाडीसुद्धा टिपली जाते. हे नाकारणारा फौजी आपल्याच माणसांचा जीव धोक्यात घालेल. वाद ड्रोन हवेत की नकोत हा नाहीच. ते कशाच्या जागी हवेत, एवढाच प्रश्न आहे.

आता अझरबैजान. नागोर्नो-काराबाख या डोंगराळ मुलखासाठी आर्मेनियाशी झालेलं ते युद्ध २७ सप्टेंबर ते १० नोव्हेंबर २०२०, म्हणजे ४४ दिवस चाललं. तुर्की बायरक्तार आणि इस्रायली हारोप ड्रोननी आर्मेनियाची दाणादाण उडवली, हे खरं. पण आधी अझरबैजाननं शेतावर औषध फवारायची जुनी एएन-२ विमानं आमिष म्हणून पुढे सोडली होती. त्यांच्यावर मारा करताना आर्मेनियाच्या हवाई संरक्षणाच्या जागा उघड्या पडल्या आणि मग ड्रोननी त्या टिपल्या. एवढं होऊनही युद्धाचा निकाल लागला तो शुशा शहर पडल्यावर. ते शहर उंच कड्यावर आहे, आणि त्या दिवसांत दाट धुक्यामुळे ड्रोनला खालचं नीट दिसत नव्हतं. हलकी शस्त्रं घेतलेले सैनिक जंगल आणि घळी तुडवत, कडा चढून वर गेले आणि जवळून लढून त्यांनी ते घेतलं. मेसेज लिहिणाऱ्याला ड्रोनच्या कॅमेऱ्यातले व्हिडिओ दिसले. कडा चढणाऱ्यांचे व्हिडिओ कुणी काढले नव्हते.

"स्वस्त शस्त्र महाग रणगाडा उडवतं, म्हणून रणगाडा संपला." हे तर आपण १९६५ सालीच पाहिलंय. खेमकरणजवळ असल उत्तरला अब्दुल हमीद जीपवर बसवलेली रिकॉइललेस गन, म्हणजे रणगाडा फोडणारी हलकी तोफ, घेऊन उसाच्या शेतात दबा धरून बसले आणि त्या काळचे नावाजलेले पॅटन रणगाडे त्यांनी एकामागून एक फोडले. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. जीप आणि गनची किंमत पॅटनपुढे काहीच नव्हती. पण त्याच आठवड्यात सियालकोट भागात फिलोरा घेतलं ते रणगाड्यांनीच, आणि त्या लढाईत पूना हॉर्सचे लेफ्टनंट कर्नल तारापोर होते. त्यांनाही परमवीर चक्र मिळालं, तेही मरणोत्तर. एकाच युद्धात रणगाडा मेला आणि रणगाड्यानंच लढाई जिंकलीसुद्धा. पायदळ, तोफा, हवाई संरक्षण सोबत नसताना एकटा पुढे काढलेला रणगाडा मरतो. तो १९६५ला मेला, १९७३ला सिनाईत इजिप्तच्या क्षेपणास्त्रांपुढे मेला, २०२२ला कीव्हच्या वाटेवर मेला. आणि ज्या युक्रेननं इतके रणगाडे फोडले, तोच युक्रेन २०२३मध्ये पाश्चात्त्य देशांकडे लेपर्ड आणि अब्राम्स रणगाडे मागत होता. ज्याचा काळ संपला अशी वस्तू जिवावर बेतलेला माणूस मागत नाही.

आता तोफांकडे येतो. इथे मी जरा जास्त बोलणार आहे.

कारगिलमध्ये आपल्या तोफखान्यानं अडीच लाखांच्या आसपास गोळे, बॉम्ब आणि रॉकेट्स डागली. हा आकडा वाचायला सोपा आहे. बोफोर्सचा एक गोळा चाळीस किलोच्या वर भरतो. ट्रकमधून तो उतरवून घ्यायचा, गन पोझिशनपर्यंत आणायचा, फ्यूज लावायचा, आणि हे सगळं दहा हजार फुटांवर, जिथे नुसतं चालतानाही छाती भरून येते. समोरून पाकिस्तानी तोफाही मारा करत असायच्या. नळी इतकी तापायची की पाण्याचा थेंब पडला तर चर्र आवाज व्हायचा. रात्री झोपलो तरी कानात घुमत राहायचं. वर पायदळासोबत आमचा ओपी, म्हणजे निरीक्षक, असायचा. रेडिओवर त्याचा आवाज यायचा: "लेफ्ट फिफ्टी, अ‍ॅड वन हंड्रेड." त्याच्या त्या दोन शब्दांवर खाली आम्ही गन फिरवायचो. आपली माणसं शत्रूच्या बंकरच्या अगदी जवळ पोचेपर्यंत आमचे गोळे त्या बंकरवर पडत राहायला हवेत, म्हणजे आतल्याला डोकं वर काढता येत नाही. मग मारा पुढे सरकवायचा. तो थोडा लवकर थांबला तर चढणारे मरतात, थोडा उशिरा थांबला तरीही तेच मरतात.

तेव्हा आमच्याकडे ड्रोन असता तर ओपीचं काम किती सोपं झालं असतं, हे मी आजही बोलून दाखवतो. पण त्या ड्रोननं जागा दाखवल्यावर तिथे तासन् तास मारा करत राहायला गोळाच लागतो. मेसेजमधल्यासारख्या स्वस्त ड्रोनवर दोन-चार किलोचा बॉम्ब बसतो. दगडात खोदलेल्या बंकरवर, वारा सुटलेला असताना, तो रात्रभर किती पडणार?

युक्रेनकडेच बघा. युरोपीय संघानं मार्च २०२३मध्ये वर्षभरात १५५ मिलिमीटरचे दहा लाख गोळे द्यायचं कबूल केलं. मुदत संपली तेव्हा जेमतेम निम्मे पोचले होते. अमेरिकेचे कारखाने युद्धाआधी महिन्याला सुमारे १४ हजार गोळे काढत होते. तोफा गेल्या शतकातल्या असं मानून सगळ्यांनीच कारखाने बारीक केले होते. त्याची किंमत युक्रेनचे जवान आजही मोजताहेत, आणि गोळे कमी पडले म्हणूनही त्यांनी इतके ड्रोन हाती घेतले. मेसेजवाला त्यांच्या नाइलाजाला शहाणपण समजतोय.

आपलं काही वेगळं नाही. तेव्हाचे लष्करप्रमुख जनरल मलिक कारगिलच्या वेळी म्हणाले होते, जे आहे त्यावर लढू. त्यानंतर सतरा वर्षांनी, सप्टेंबर २०१६मध्ये, सरकारी हिशेब तपासणाऱ्या 'कॅग'ला काय आढळलं? दारूगोळ्याच्या सुमारे ४० टक्के प्रकारांचा साठा दहा दिवसांच्या युद्धालाही पुरणारा नव्हता. अशा देशात "तोफांचा पैसा वळवा" असं लिहिताना हात थरथरायला हवा.

"चार दिवसांत, बटणावर." मे २०२५चा संघर्ष ७ ते १० मे असा चालला, म्हणून हे डोक्यात बसलं असावं. पण त्यातली ८ मेची रात्र आठवा. पाकिस्ताननं ३६ ठिकाणी तीनशे-चारशे ड्रोन सोडल्याचं सरकारनं सांगितलं. त्यातले अनेक पाडले कशानं? एल-७० आणि शिल्का या विमानविरोधी तोफांनी. एल-७०ची मूळ बनावट १९५०च्या दशकातली. तिला नवे सेन्सर जोडले, 'आकाशतीर'सारख्या हवाई संरक्षणाच्या यंत्रणेशी बांधलं आणि तिनं एकविसाव्या शतकातले ड्रोन खाली आणले. मेसेजप्रमाणे वागलो असतो तर त्या तोफा कधीच भंगारात गेल्या असत्या. आणि चार दिवसांचंच म्हणाल, तर कीव्ह काही दिवसांत घेऊ अशा हिशेबानं रशिया २४ फेब्रुवारी २०२२ला निघाला होता.

पायदळ निम्मं करायच्या गोष्टीला मी दोन तारखांनी उत्तर देतो. पहिली, २९-३० ऑगस्ट २०२०ची रात्र. गलवानमध्ये आपले वीस जवान गेले त्याला अडीच महिने होत होते. त्या रात्री आपले सैनिक लडाखमधल्या पँगाँग सरोवराच्या दक्षिणेला कैलास रांगेवर चढून बसले, आणि पाठोपाठ रणगाडेही त्या उंचीवर नेले. चीनला तोवर बोलायची घाई नव्हती. फेब्रुवारी २०२१मध्ये पँगाँगवरून दोन्ही बाजू मागे सरल्या. ड्रोन टेकडी बघू शकतो, टेकडीवर बसू शकत नाही.

दुसरी तारीख ७ ऑक्टोबर २०२३. गाझाच्या कुंपणावर इस्रायलनं कॅमेरे, सेन्सर आणि खोलीतून चालवायच्या मशिनगन बसवल्या होत्या. हमासनं साध्या ड्रोनमधून बॉम्ब टाकून त्यातलं बरंच आंधळं केलं आणि कुंपण फोडून माणसं आत घुसली. मागे पुरेसे सैनिक नव्हते. त्या दिवशी सुमारे बाराशे जीव गेले.

राहिला पैसा. ड्रोन स्वस्त दिसतो तो सुटे भाग बाहेरून येतात म्हणून. मोटारीतले चुंबक, बॅटरी, कॅमेरे यांच्या बाजारावर चीनचा ताबा आहे, आणि एप्रिल २०२५मध्ये चीननं दुर्मीळ धातूंच्या चुंबकांची निर्यात आवळली. त्याच वर्षाच्या सुरुवातीला आपल्या सैन्यासाठीच्या चारशे ड्रोनचे करार चिनी भागांमुळे रद्द करावे लागले. ज्याच्याशी सीमेवर गाठ आहे त्याच्याच दुकानातून शस्त्र घ्यायचं, ते स्वस्त कसं?

सैन्यानं स्वतः काय ठरवलं तेही बघा. २६ जुलै २०२५ला, कारगिल विजय दिनी, द्रासला लष्करप्रमुखांनी जाहीर केलं की पायदळाच्या प्रत्येक बटालियनमध्ये, म्हणजे पलटणीत, ड्रोन प्लाटून, म्हणजे ड्रोनची छोटी तुकडी, असेल. पलटणीच्या आत, पलटणीच्या ऐवजी नाही.

हा मेसेज ग्रुपवर टाकणारा माझा पुतण्याच आहे. भरतीची तयारी करतो. "काका, मग पळायचं सोडून ड्रोनचा कोर्स लावू का?" म्हणून त्यानं मला वेगळं विचारलं. मी म्हटलं, कोर्स जरूर लाव, संध्याकाळचा. सकाळी कॅनॉलच्या रस्त्यावर मी घड्याळ घेऊन उभा असेन, सोळाशे मीटर किती वेळात काढतोस ते बघू.