नैरोबीच्या हॉटेलांबद्दलचा तो मेसेज पुढे पाठवू नका

काल रात्री मावशीचा फोन आला. तिच्या लेकीची केनियात, नैरोबीला बदली झालीय. मावशी आणि काका पुढच्या महिन्यात जाणार, घर लागेपर्यंत पहिला आठवडा हॉटेलात. आणि मावशी विचारतेय, "तिकीट रद्द करू का गं?" कारण भिशीच्या ग्रुपवर आलेला मेसेज: 'आफ्रिकेत हॉटेलात उतरण्याआधी हे वाचा.' तो वाचून माझं डोकं फिरलं.

'शाकाहारी माणूस उपाशी मरेल.' अहो, १८९६ ते १९०१ या काळात मोंबासाहून रेल्वे टाकायला बत्तीस हजारांच्या आसपास मजूर हिंदुस्थानातून नेले होते. त्यांच्यापाठोपाठ गुजराती दुकानदार गेले. चपाती आणि चाय हे आज तिथल्या स्वाहिली भाषेतले शब्द आहेत. २०१७ साली केनिया सरकारने तिथल्या आशियाई वंशाच्या लोकांना देशातली ४४वी जमात म्हणून मान्यता दिली. पार्कलँड्स भागात शुद्ध शाकाहारी जेवण मिळतं. मी स्वतः तिथे चार रात्री राहिलेय. नाश्त्याला समोर तव्यावर चपात्या चालल्या होत्या, आपल्यापेक्षा जाड, पदर सुटलेल्या, आणि सोबत राजम्यासारखी उसळ. 'सिली न्यामा', म्हणजे मी मांस खात नाही, एवढं म्हटलं की वाढणारा समजून घेतो. आणि आपण खानावळीला हॉटेल म्हणतो ना, तसंच तिथेही साध्या खानावळीला 'होटेली' म्हणतात.

'फक्त डॉलर चालतात.' खोटं. एम-पेसा, म्हणजे मोबाइलवरून पैसे देण्याची सोय, तिथे २००७ पासून आहे, भाजीवालीसुद्धा मोबाइलवर पैसे घेते. मोठ्या हॉटेलांत कार्ड चालतं.

'हॉटेलच्या दारात गाडीखाली आरसे फिरवतात, म्हणजे युद्धच चालू आहे.' आरसे फिरवतात, खरंय. २०१३ला वेस्टगेट मॉलवर आणि २०१९ला एका हॉटेल संकुलावर हल्ला झाला होता. पण २६/११ नंतर मुंबईतल्या मोठ्या हॉटेलांच्या दारात काय करतात? रात्री पायी भटकू नका, हे मात्र मेसेजवाल्याचं बरोबर आहे, मान्य करते.

आता ज्याचा मला खरा राग आलाय तो मुद्दा. 'पीतज्वराची लस घेऊ नका, परतताना कुणी विचारत नाही.' पीतज्वर म्हणजे यलो फीवर. आणि विचारतात! केनियाहून येणाऱ्याकडे वैध प्रमाणपत्र नसेल तर त्याला सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवता येतं, हा भारत सरकारचाच नियम आहे. लस सरकारमान्य केंद्रावरच घ्यायची, आणि प्रमाणपत्र लागू होतं दहा दिवसांनी. म्हणजे आदल्या दिवशी धावपळ करून उपयोग नाही. साठीपुढच्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं, हेही खरं. पण मेसेजवाल्याने त्यातून 'घेऊच नका' असा सल्ला काढला आणि तो माझ्या एकसष्ट वर्षांच्या मावशीपर्यंत पोचवला!

तिने सोमवारची डॉक्टरांची वेळ घेतलीय. तिकीट रद्द केलेलं नाही.