ट्रिपलसाठी तीन जुळे मॉनिटर? गरज नाही

सिम रेसिंगच्या, म्हणजे संगणकावरच्या मोटार शर्यतींच्या, गप्पांत एक सल्ला कायम फिरत असतो. तीन स्क्रीन (‘ट्रिपल’) लावायच्या तर तिन्ही एकाच मॉडेलच्या हव्यात. घरातला जुना मॉनिटर बाजूला जोडलात तर गेम चालणार नाही, चाललाच तर चित्र तुटेल, मधल्या पडद्याच्या १४४ हर्ट्झची (सेकंदाला १४४ चित्रांची) माती होईल, रंग जुळणार नाहीत. त्यापेक्षा सगळं विका आणि एकच लांबरुंद अल्ट्रावाइड मॉनिटर घ्या. यातलं थोडं खरं आहे, बरंचसं अर्धवट आहे, आणि शेवटचं वाक्य उगाच खिशाला चाट लावणारं आहे.

उदाहरणाला सहज जमणारी जोडणी घेऊ: मध्ये २७ इंची १४४०पी (२५६० बाय १४४० पिक्सेल), दोन्ही बाजूंना २४ इंची १०८०पी (१९२० बाय १०८०).

‘गेम चालणार नाही’ हे मुळात एनव्हिडिया सराउंडबद्दलचं (तीन पडद्यांचा एकच मोठा पडदा करणाऱ्या ड्रायव्हरच्या सोयीबद्दलचं) म्हणणं आहे, ट्रिपलबद्दलचं नाही. सराउंडला तिन्ही पडद्यांवर एकच रिझोल्यूशन आणि एकच रिफ्रेश रेट लागतो, हे खरं. एएमडीच्या तशाच सोयीत, आयफिनिटीत, २०१४ पासून वेगवेगळी रिझोल्यूशन चालतात. पण दोन्हींवाचूनही काम होतं. विंडोजमध्ये डेस्कटॉप तिन्ही मॉनिटरवर पसरवायचा आणि गेम बिनचौकटीच्या एका लांबलचक खिडकीत उघडायचा. आयरेसिंग या गेममध्ये हे आरामात होतं.

खरी अडचण पुढची आहे, आणि सल्ला देणारे तिच्याबद्दल काही बोलत नाहीत. तीन प्रोजेक्शन (प्रत्येक पडद्यासाठी त्याच्या कोनातलं वेगळं चित्र) काढताना गेम सहसा त्या खिडकीचे सरळ तीन समान भाग करतो. आपली खिडकी १९२० अधिक २५६० अधिक १९२०, म्हणजे ६४०० पिक्सेल रुंद. तिचा तिसरा हिस्सा २१३३. म्हणजे डाव्या चित्राची शेवटची २१३ पिक्सेलची पट्टी मधल्या मॉनिटरवर येऊन बसते आणि रस्ता भलत्याच जागी मोडतो. ‘चित्र तुटतं’ म्हणणाऱ्यांनी बहुधा हेच पाहिलेलं असतं आणि खापर मॉनिटरवर फोडलेलं असतं.

उपाय ड्रायव्हरमध्येच आहे. एनव्हिडियाचं डीएसआर किंवा एएमडीचं व्हीएसआर (मोठं चित्र काढून ते मॉनिटरच्या मापात बसवणारी सोय) चालू केलं की १०८०पीचा मॉनिटर विंडोजला २५६० बाय १४४०चा वाटतो (डीएसआरमध्ये १.७८ पट हा पर्याय निवडायचा). तिन्ही पडदे विंडोजच्या लेखी सारखे झाले, खिडकी ७६८० बाय १४४० झाली, तिसरा हिस्सा बरोबर बेझलपाशी, म्हणजे मॉनिटरच्या चौकटीपाशी, आला.

आता उरला आकार. २७ इंची पडदा सुमारे ५९.८ सेंटिमीटर रुंद असतो, २४ इंची म्हणून विकला जाणारा २३.८ इंची पडदा ५२.७. गेमला मात्र सेंटिमीटरशी देणंघेणं नसतं. डोळ्यापाशी पडदा किती अंशांचा कोन व्यापतो एवढंच त्याला हवं असतं. मधला पडदा डोळ्यापासून ६० सेंटिमीटरवर असेल तर तो साधारण ५३ अंश व्यापतो. बाजूचा पडदा ५३ सेंटिमीटरवर ओढला की तोही तेवढेच अंश व्यापतो. म्हणजे लहान मॉनिटर ७ सेंटिमीटर जवळ घ्यायचे, दोन्ही ५३ अंशांत आत वळवायचे आणि गेममध्ये तिन्ही पडदे २७ इंची असल्यासारखे आकडे भरायचे. बाजूच्या पडद्यांची आतली कड मधल्याच्या कडेपुढे येते आणि मधला बेझल झाकूनही टाकते. जुळ्या मॉनिटरवाल्यांना हे फुकटात मिळत नाही!

उंचीत मात्र बहुतेक जण फसतात. तिन्ही मॉनिटर आपापल्या स्टँडवर टेबलावर ठेवले की खालच्या कडा जुळवायचा मोह होतो. जुळवायच्या असतात मध्यरेषा, त्याही डोळ्याच्या पातळीवर. २४ इंचीची मध्यरेषा वर उचलली नाही तर क्षितिज प्रत्येक सांध्यावर पायरी उतरतं. मॉनिटर धरणारा हलता हात (मॉनिटर आर्म) किंवा खाली लाकडी फळी, काहीही चालेल.

या युक्तीची किंमत ग्राफिक्स कार्ड मोजतं. ३ × १४४०पी म्हणजे १.११ कोटी पिक्सेल, एका ४के पडद्याच्या ८३ लाखांपेक्षा बरेच जास्त. कार्ड मध्यम असेल तर उलट मधला पडदा १०८०पीवर उतरवा: ६२ लाख. मधलं चित्र थोडं मऊ दिसेल, भूमिती तीच राहील.

रिफ्रेश रेटच्या मुद्द्यात निम्मं तथ्य आहे. सराउंडमध्ये सगळे सर्वांत संथ पडद्याच्या चालीने चालतात. पसरलेल्या डेस्कटॉपवर प्रत्येक मॉनिटर आपला दर राखतो. विंडोज १० मध्ये वेगवेगळ्या दरांचे पडदे एकमेकांना अडखळवायचे, ती तक्रार २०२०च्या मे अपडेटनंतर बरीच निवळली. पण ६० हर्ट्झचा बाजूचा पडदा ६०च राहणार. बेल्जियमच्या स्पा ट्रॅकवरच्या ला सूर्स या तीव्र वळणावर गाडी उजवीकडे वळवताना उजव्या पडद्यावरून कठडा सर्रकन जातो, तिथे तो पुसट दिसतोच. शिवाय तिन्ही पडद्यांवर पसरलेल्या खिडकीत जी-सिंक किंवा फ्रीसिंकवर (पडद्याचा दर गेमच्या फ्रेम रेटशी जुळवणाऱ्या सोयींवर) भिस्त ठेवू नका; फ्रेम रेटला मर्यादा घाला. बाजूचे पडदे मुख्यतः शेजारी गाडी आहे का आणि वळणाचा आतला कोपरा कुठे आहे हे सांगायला असतात. त्यासाठी ६० हर्ट्झ पुरतं.

रंगांबद्दल एवढंच: ब्राइटनेस आणि रंगतापमान जुळवा, फरक शर्यतीच्या पहिल्या वळणानंतर आठवतही नाही. जुनं टीएन पॅनेल (स्वस्त मॉनिटरमधला एक पडद्याचा प्रकार) असेल तर मात्र ते नीट डोळ्याकडे वळलेलं हवं. तिरकं पाहिलं की रंग उडतात.

आणि अल्ट्रावाइड? ३४ इंची पडदा सुमारे ८० सेंटिमीटर रुंद. ६० सेंटिमीटरवरून तो साधारण ६७ अंश दाखवतो. वरची विजोड जोडणी १५९ अंश दाखवते. शेजारून घुसणारी गाडी ६७ अंशांत दिसत नाही, मॉनिटर कितीही महाग असो.

एका ठिकाणी मी त्या सल्लागारांच्या बाजूने आहे. मधला पडदा वक्र आणि बाजूचे सपाट, किंवा उलट, अशी मिसळ करू नका. ही प्रोजेक्शन सपाट पडदा धरून काढलेली असतात. सपाट पडद्यावरची सरळ पांढरी रेघ वक्र पडद्यावर गेली की वाकते, आणि त्यावर ड्रायव्हरमध्ये कुठलंही बटण नाही.