साथ येणार नाही, बिनधास्त राहा

पेपरात आतल्या पानावर, राशिभविष्याच्या जरा वर, अधूनमधून एक चौकट येते: ‘पुढच्या महासाथीसाठी सज्ज राहा, शास्त्रज्ञांचा इशारा’. ही चौकट दिसली की काय करायचं, हे अजून बऱ्याच जणांना नीट जमत नाही. काहीजण तर ती चक्क वाचतात. त्यांच्यासाठी हा लेख.

आधी हसा. मोठ्याने नको, नाकातून. चहाचा कप खाली न ठेवता ‘झालं यांचं परत सुरू’ एवढंच म्हणा. ‘यांचं’ म्हणजे नक्की कोणाचं, ते सांगत बसू नका. कोणी विचारलंच तर भुवया वर करा. आमच्या चौथ्या मजल्यावरच्या काकांच्या भुवया या कामात इतक्या तयार झाल्यात की त्यांना हल्ली शब्द लागतच नाहीत. मग खाली राशिभविष्याकडे वळा. तिथे ‘प्रकृतीची काळजी घ्यावी’ असं लिहिलेलं असेल, तर ते मात्र मनावर घ्या. आठवडाभर दही बंद.

हसून झालं की एखादा खवट माणूस पुरावा मागेल. तोही आपल्याकडे आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 2018 च्या फेब्रुवारीत धोकादायक रोगांच्या यादीत ‘डिसीज एक्स’ नावाची एक रिकामी खुर्ची ठेवली होती. अजून माहीत नाही, पण येऊ शकेल, अशा रोगासाठी. पुढे सप्टेंबर 2019 मध्ये याच संघटनेने आणि जागतिक बँकेने मिळून नेमलेल्या मंडळाने अहवाल दिला की श्वासातून पसरणारी मोठी साथ आली तर जगाची तयारी नाही. आणि डिसेंबरात वुहान! आता सांगा, यांना आधी कसं कळलं? केलं म्हणूनच कळलं. आणि समजा त्यांनी काहीच सांगितलं नसतं, तर आपण विचारलं असतं, झोपा काढत होतात का? म्हणजे आधी सांगितलं तर कट, नंतर सांगितलं तर हलगर्जी. हा सापळा एवढा पक्का आहे की त्यातून आजवर एकही शास्त्रज्ञ सुटलेला नाही.

लशीच्या कंपन्यांनी पैसा केला, हे तर तुम्ही म्हणणारच. केलाच त्यांनी. पैसा छत्रीवालाही करतो, म्हणून पाऊस त्याने पाडलेला नसतो. पण हा मुद्दा कट्ट्यावर काढू नका, चहा दुसऱ्याला द्यावा लागेल.

एका गोष्टीपासून मात्र सांभाळून राहा, ती म्हणजे पाणीकपात. ‘गुरुवारी पाणी येणार नाही’ अशी महापालिकेची सूचना आली की बुधवारी रात्री आमच्या इमारतीत काय चालतं ते ऐकण्यासारखं असतं. बादल्या, पिंप, कळशी, कुकर, इडलीपात्राचं खालचं भांडं, जे जे पोकळ ते ते भरलं जातं. चौथ्या मजल्यावरचे काका तर पिण्याचं पाणी तांब्यांमध्येसुद्धा भरून ओळीने ठेवतात. पुष्कळदा गुरुवारी पाणी येतंच. तेव्हा कोणी म्हणत नाही की हा बादलीवाल्यांचा डाव होता. ‘आलं बाई एकदाचं’ म्हणतात आणि ते भरलेलं पाणी झाडांना घालतात. ही तुलना चुकूनही कोणाच्या लक्षात आणून देऊ नका. आपलं सगळं तत्त्वज्ञान त्या इडलीपात्रात बुडेल.

इतिहास काढावा लागला तर जरा निवडून काढा. 1896 च्या सप्टेंबरात मुंबईत, मांडवीच्या दाटीवाटीच्या वस्तीत, डॉ. अकासिओ व्हिएगस या गोमंतकीय डॉक्टरांना एका तापाच्या रोग्याच्या जांघेतल्या गाठी दिसल्या आणि त्यांनी हा गाठीचा प्लेग आहे असं सांगून टाकलं. बंदराच्या शहरात प्लेग म्हणजे जहाजं अडणार, माल कुजणार. मग शंका, खातरजमा, पुन्हा खातरजमा. या प्रकरणात आपली माणसं कोण ते ओळखा: व्हिएगस नव्हेत, शंका काढणारे. पुढे लाखो लोक मुंबई सोडून गावोगाव गेले आणि सोबत काय घेऊन गेले ते तुम्हाला ठाऊक आहे. मार्च 1897 मध्ये रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाई फुले त्याच प्लेगने गेल्या. त्यांच्या जयंतीला आपण हार घालतोच. त्या कशाने गेल्या हे भाषणात दीड ओळीत उरकतं, तेवढं पुरे.

इथे खरं सांगायचं तर उपरोध जरा बाजूला ठेवावा लागतो. त्या वेळी पुण्यातल्या माणसाने सरकारवर विश्वास का ठेवावा, याचं उत्तर माझ्याकडे नाही. गोरे सोजीर घरात घुसून, देवघरापर्यंत जाऊन, बायकामाणसांना बाहेर काढून तपासत होते. 22 जून 1897 ला रँडवर गोळी झाडली गेली ती काही हवेतून आली नव्हती. संशयाला कारण असतं. आत्ताच्या वेळीही मास्क आधी सगळ्यांनी घालायची गरज नाही म्हणाले, मग घाला म्हणाले. रेमडेसिविरची सरसकट शिफारस नाही, असं आरोग्य संघटनेने नोव्हेंबर 2020 मध्ये सांगून झालं होतं, आणि एप्रिल 2021 मध्ये माझा मेहुणा त्याच्या एका बाटलीसाठी पहाटे चारपासून औषधाच्या दुकानाबाहेर उभा होता, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर. तेव्हा प्रश्न विचारणं वेगळं. पण प्रश्न विचारायला वाचावं लागतं, नाकातून हसायला लागत नाही. आपण सोयीचं ते घेऊ.

आता 1918 ची फ्लूची साथ. याबद्दल सर्वांत उत्तम धोरण म्हणजे काहीच न आठवणं, आणि त्यात आपण आधीच तरबेज आहोत. जूनमध्ये मुंबईच्या गोदीवरचे पोलीस शिपाई तापाने पडले, आणि वर्ष सरेपर्यंत देशात एक कोटीहून जास्त माणसं गेली. 1911 ते 1921 या दशकात हिंदुस्थानची लोकसंख्या वाढायची सोडून घटली. जनगणनेच्या इतिहासात असं एकदाच झालं. एवढं होऊनही चौकात पुतळा नाही, शाळेत धडा नाही, साधी पुण्यतिथी नाही. आमच्या आजीच्या बोलण्यात ‘मानमोडीच्या साली’ असा शब्द यायचा. मला वाटायचं, मान मोडून काम करायचं साल असेल. पणजोबांच्या पहिल्या बायकोचं नाव कुळवृत्तांतात नाही, तिच्यापुढे नुसतं ‘तापाने वारली’ आहे, हे जुळवायला मला पन्नाशी गाठावी लागली. तुमच्याही घरात अशी एक बिननावाची बाई असेल. शोधू नका, उगाच इशाऱ्यांवर विश्वास बसायला लागतो.

तरीही साथ आलीच तर ती ‘कुठली’ हे आधी ठरवा. 1918 च्या तापाला जगाने स्पॅनिश म्हटलं, आपल्याकडे बाकीच्यांनी तो मुंबईचा ताप ठरवला, आणि मुंबईकर म्हणाले, जहाजातून आला. आपल्या खेड्यांत पटकी आली की मरीआईचा गाडा वाजतगाजत शिवेपर्यंत नेऊन पलीकडे सोडायची रीत होती. पलीकडच्या गावाने तो पुढच्या शिवेवर न्यायचा. या गाड्याला आजवर कोणी मागे टाकलेलं नाही. फक्त आता शिवेवर विमानतळ आहे आणि ढोलाऐवजी वृत्तवाहिन्या.

हल्ली काही बातम्या फार घराजवळून येतात, त्यांच्यापासून विशेष जपा. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेला महाबळेश्वरच्या गुहेतल्या वटवाघळांत निपाहचा माग सापडला, असं 2021 मध्ये प्रसिद्ध झालं. निपाह म्हणजे केरळात 2018 पासून पुन्हा पुन्हा डोकं काढणारा, लागण झालेल्यांतल्या बऱ्याच जणांना घेऊन जाणारा. तुम्ही म्हणा, आम्ही महाबळेश्वरला स्ट्रॉबेरी खायला जातो, गुहेत नाही. (शास्त्रज्ञही गुहेत जाऊ नका एवढंच म्हणत होते, पण त्यांच्याशी एकमत होणं आपल्याला परवडणार नाही.) दोडामार्ग-बांद्याकडे 2016 पासून माकडताप आहे, काजूच्या बागेत जाणाऱ्याला गोचीड चावते आणि माणूस तापाने फणफणतो. त्याला ‘तिकडचा प्रश्न’ म्हणा. कोकणाला आपण ‘तिकडे’ फक्त अशा वेळी म्हणतो, एरवी तो आपला असतो, विशेषतः मे महिन्यात. आणि 2024 च्या डिसेंबरात नागपूरच्या गोरेवाडा केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या बर्ड फ्लूने मेले. कोंबडीचा रोग वाघापर्यंत पोचला. यावर माझ्या एका मित्राने फार सुंदर प्रश्न विचारला, ‘आपण काय वाघ आहोत का?’ या मित्राच्या गाडीच्या मागच्या काचेवर भला मोठा वाघ आहे आणि खाली ‘आपण एकच’. रोगाचा विषय निघाला की तेवढ्यापुरतं माणूस व्हायचं, हे त्याच्याकडून शिकण्यासारखं आहे.

त्यालाच नवापूरची आठवण करून दिली. फेब्रुवारी 2006, देशातला पहिला बर्ड फ्लू तिथल्या कोंबड्यांमध्ये सापडला, लाखो पक्षी मारून पुरले. तो म्हणाला, ‘बघ, काय झालं? काहीच नाही!’ पुरलं म्हणून काही झालं नाही, हे मी बोललो नाही. दुचाकीवरून पडून हेल्मेट फुटलं आणि डोकं शाबूत राहिलं, तर दोष हेल्मेटचाच. बघा कसं फुटलं, असा हा न्याय आहे. पुण्यातला माणूस तो लगेच मान्य करतो.

आकड्यांचा प्रश्न राहिला. 2021 च्या अखेरपर्यंत देशात कोविडने किती गेले? सरकारी हिशेब 4.8 लाखांच्या घरात, आरोग्य संघटनेचा अंदाज 47 लाख. सरकारला तो अंदाज मान्य नाही. तुम्ही यात पडू नका. दोन आकड्यांत मतभेद दिसला की आपण झोप येईल तो आकडा घ्यायचा.

एक सूचना मात्र कळकळीची: आपल्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कधीही मागे जाऊ नका. मी एकदा कुठलीशी पावती शोधायला गेलो आणि फसलो. 2021 च्या फेब्रुवारीत, रथसप्तमीला, हळदीकुंकवाचे फोटो. एका ताटलीत वाण म्हणून सॅनिटायझरच्या छोट्या बाटल्या आणि खाली कोणीतरी लिहिलेलं: ‘आता याची गरज नाही, पुढच्या वर्षी चांगलं काहीतरी आणू!’ त्यावर सतरा हसरे चेहरे. मग अमरावतीत कोविड पुन्हा वाढल्याच्या बातमीची लिंक, तिच्याखाली काकांचं ‘झालं यांचं परत सुरू’. गुढीपाडव्याच्या शुभेच्छा. त्याच्या चार दिवसांनी ‘ऑक्सिजन बेड कुठे आहे का, अर्जंट’. मग नुसते फोन नंबर, एकाखाली एक, बहुतेकांपुढे ‘लागत नाही’. नाशिकला टाकीतून ऑक्सिजन गळून माणसं गेल्याची बातमी, तिला कोणाचंच उत्तर नाही. आणि मग काकूंचा फोटो, हार घातलेला. काकूंच्याच हातची ती वाणाची ताटली होती.

काका आजही भुवया वर करतात. मी त्यांना काही बोलत नाही. ज्याने एवढं दिलंय, त्याने आणखी एकदा भ्यायचं कशाला, असंही असेल.

बाकी तयारीची आवराआवर वेळच्या वेळी करा. आमच्याकडे पायाने दाबायचं सॅनिटायझरचं स्टँड होतं, त्यावर आता तुळशीची कुंडी आहे. पाणी घालताना सवयीने पाय जातो. वॉचमनकडची तापमानाची बंदूक शेवटी सगळ्यांना एकतीस अंश दाखवायला लागली होती. तिच्या मते आमची इमारत बेडकांची. माझ्या कपाटातल्या ऑक्सिमीटरमध्ये सेल फुटून हिरवी बुरशी धरली आहे, तरी बटण दाबलं की क्षणभर दोन रेघा उजळतात.

यंदाच्या वार्षिक सभेत शेवटचा विषय होता तळमजल्यावरच्या दोन ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरचा. मे 2021 मध्ये घराघरातून वर्गणी काढून घेतलेले, काही रात्री तीन मजल्यांवर आळीपाळीने फिरलेले. सेक्रेटरी म्हणाले, सर्व्हिसिंगला दरवर्षी पैसे जातात आणि जागा अडते, सायकली ठेवायला हवी आहे. कोणीतरी म्हणालं, ‘पण ते इशारे येतायत...’ आणि सगळे हसले, नाकातून. ठराव: विकून टाकावेत, येईल ती रक्कम गणपतीच्या रोषणाईला. मतदान झालं. काकांनी हात वर केला नाही, चष्मा पुसत बसले. मी केला. सायकल माझीच आहे.

सभा संपता संपता सेक्रेटरींनी आठवण केली की उद्या गुरुवार, पाणी नाही. सगळे पटापट उठले. मी घरी येऊन दोन बादल्या, पिंप आणि इडलीपात्र भरलं.

गुरुवारी सकाळी सातला नळ सोडला तर पाणी होतं.