ड्रॉपडाऊनमध्ये नसलेली खाडी

मी नवी मुंबईतल्या एका कॉलेजच्या ऑफिसात बसतो, परीक्षा विभागात. कॉलेजचं नाव कमेंटमध्ये विचारू नका. ओळखलंत तर मनात ठेवा, माझी अजून नऊ वर्षं नोकरी बाकी आहे. नव्या शैक्षणिक धोरणावर मोठमोठ्या लोकांनी लिहून झालंय. खिडकीच्या आतल्या बाजूने ते कसं दिसतं एवढंच मला सांगायचंय.

गेल्या जूनमध्ये एक मुलगी मायनरचा, म्हणजे मुख्य विषयाच्या (मेजरच्या) जोडीला घ्यायच्या दुय्यम विषयाचा, फॉर्म घेऊन आली. राहणारी दिवाळ्याच्या कोळीवाड्यातली, मेजर अर्थशास्त्र. फॉर्मवर चौकट असते, तिथे एका विषयाचं नाव लिहायचं. हिने चौकटीत लिहिलं होतं, ‘खाडी’. खाली टाचणीने फुलस्केपचा कागद जोडलेला. त्यावर भूगोलाचे दोन पेपर, प्राणिशास्त्राचा एक, पर्यावरण कायद्याचा एक ‘स्वयं’ या सरकारी ऑनलाइन कोर्सच्या पोर्टलवरून, आणि समोर क्रेडिटची, म्हणजे प्रत्येक पेपरच्या अभ्यासाला ठरलेल्या एककांची, बेरीज. बेरीज बरोबर होती, मी तपासली. सवय आहे. शेवटी दोन ओळी: वडील ठाणे खाडीत मासेमारी करतात, २०२२ मध्ये खाडीला रामसर (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) दर्जा मिळाला, आता खाडीत कोणी काय करायचं हे जे ठरवतील त्यांच्यात मला बसायचं आहे.

मी स्क्रीनकडे पाहिलं. ड्रॉपडाऊनमध्ये आठ नावं. मानसशास्त्र, इतिहास, वाणिज्य वगैरे. खाडी नव्हती.

कागद समन्वयक मॅडमकडे पाठवला. दोन दिवसांनी परत आला, कोपऱ्यात पेन्सिलीने ‘बास्केटमध्ये नाही’. बास्केट म्हणजे कॉलेजने ठरवलेली विषयांची यादी. मुलीने शेवटी मानसशास्त्र घेतलं, कारण तिथे जागा होत्या. चौथ्या दिवशी तिचे वडील खिडकीशी आले. भांडायला नाही, विचारायला. ‘साहेब, पोरीला खारीचा शिकाचा हाय, मंग तुमची हरकत काय हाय?’ त्यांच्या बोलीत खारी म्हणजे खाडी.

माझी काही हरकत नव्हती. खरं सांगायचं तर नियमाचीही नव्हती. यूजीसीचा, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचा, डिसेंबर २०२२ चा अभ्यासक्रम आणि क्रेडिटचा आराखडा आहे, त्यात म्हटलंय की मायनर एखाद्या विषयात घेता येतो, तसाच आंतरविद्याशाखीय क्षेत्रातही घेता येतो. आपल्या राज्याचा २० एप्रिल २०२३ चा शासन निर्णयही मायनर दुसऱ्या विद्याशाखेतून घ्यायला मोकळीक देतो. मुंबई विद्यापीठाच्या स्वायत्त कॉलेजांत २०२३-२४ पासून हे लागू झालं, संलग्न कॉलेजांत त्याच्या पुढच्या वर्षी. म्हणजे वरून कोणी नाही म्हटलेलं नाही. नाही म्हणतं ते टाइमटेबल.

टाइमटेबल कसं बनतं हे बाहेरच्यांना माहीत नसतं, म्हणून जरा खोलात सांगतो. मायनरची यादी मुलांना काय हवं यावरून सुरू होत नाही. कुठल्या विभागाचा वर्कलोड कमी पडतोय, तिथून ती सुरू होते. एखाद्या विषयाला मुलं येईनाशी झाली की शिक्षकाचे तास कमी होतात, तास कमी झाले की पद धोक्यात. मग तो विषय मायनर म्हणून आठ विभागांच्या मुलांना वाटून टाकायचा. तास भरले, पद वाचलं. मी याला पाप म्हणत नाही, त्या शिक्षकालाही घर आहे. उलट ज्या विषयाला गर्दी आहे तिथे तासिका तत्त्वावरचे दोघं-तिघं धावत असतात. त्यांना आणखी एक बॅच द्यायची तर पैसे कुठून आणायचे? शिवाय भूगोलाचा पेपर आणि अर्थशास्त्राचा पेपर मंगळवारी अकराला एकाच वेळी. खाडी तिथेच बुडाली. मात्र मुलांना आम्ही सांगतो की ‘चॉइस बेस्ड’ आहे. मुलं आता हुशार झाली आहेत, खिडकीशीच विचारतात, ‘काका, चॉइस कोणाचा?’

आता परीक्षेच्या क्रेडिटचं. हा प्रकार थोडा विनोदी आहे.

एका पोराने ‘स्वयं’वरचा एनपीटीईएलचा (आयआयटीवाल्यांचे ऑनलाइन कोर्स) बारा आठवड्यांचा कोर्स केला. कोर्स फुकट, परीक्षेची फी हजार रुपये, ती त्याने शिकवणीच्या पैशातून भरली. असाइनमेंटचे २५ गुण आणि केंद्रावर जाऊन दिलेल्या परीक्षेचे ७५. पास होऊन सर्टिफिकेट घेऊन आला, चेहरा फुललेला. बारा आठवड्यांच्या कोर्सला क्रेडिट तीन. आमचे पेपर दोन क्रेडिटचे नाहीतर चारचे. तीनचा पेपर आमच्याकडे नाहीच! चारच्या जागी बसवला तर एक कमी पडतो, दोनच्या जागी बसवला तर एक वाया जातो. बसमध्ये सुट्ट्या पैशांची भानगड असते ना, तसं. कंडक्टर निदान तिकिटामागे लिहून तरी देतो.

वरच्यांचा पहिला प्रश्न, ‘आधी परवानगी घेतली होती का?’ त्याने घेतली नव्हती, कारण ती घ्यायची असते हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. यूजीसीच्या २०२१ च्या नियमानुसार एका सत्रातल्या ४० टक्क्यांपर्यंत कोर्स ‘स्वयं’वरून घेता येतात. पण त्यातले कोणते आम्ही मान्य करणार, याची यादी सत्र सुरू होताना कॉलेजने लावायला हवी. आमची यादी लागली तेव्हा त्या कोर्सची नोंदणी बंद झाली होती. अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये, म्हणजे मुलांची क्रेडिट जमा ठेवणाऱ्या सरकारी ऑनलाइन खात्यात, क्रेडिट सात वर्षं टिकतं म्हणे. छान आहे. पण बँकेत पैसे आहेत आणि दुकानदार नोट घेत नाही, अशी त्या पोराची गत.

माझी चुलत बहीण न्यू जर्सीत असते. तिच्या मुलाने बारावीत असताना एपी नावाची, शाळेतच कॉलेजच्या पातळीची, परीक्षा दिली, एक ते पाच गुण मिळतात त्यात. त्याला गणितात पाच मिळाले, कॉलेजात पहिल्या सत्राचं गणित माफ. तिथेही सगळीकडे सारखं नसतं. कुठे चार चालतात, कुठे पाचच लागतात, कुठे काहीच देत नाहीत. पण कोणत्या विषयात किती गुणांना किती क्रेडिट, हा तक्ता कॉलेजच्या साइटवर आधीच असतो. पोरगा तक्ता बघून कॉलेज निवडतो. अमेरिकेचं कौतुक करायला हे सांगत नाहीये, त्यांची फी ऐकलीत तर पाणी मागाल. तक्ता लावायला मात्र डॉलर लागत नाहीत. ए-फोर कागद आणि नोटीस बोर्डाच्या पिना पुरतात, त्या माझ्या ड्रॉवरमध्ये आहेत.

आता ओजेटी, म्हणजे ऑन जॉब ट्रेनिंग. सहाव्या सत्रात चार क्रेडिट, क्रेडिटला तीस तास, एकूण १२० तास. जानेवारी ते मार्च माझं टेबल लॉगबुकांनी भरलेलं असतं. पंचवीस वर्षं हस्ताक्षरं बघतोय, त्यामुळे ३० दिवसांचं लॉगबुक एका बैठकीत एकाच पेनाने लिहिलेलं आहे की नाही, हे मला पहिल्या पानावर कळतं. शाईचा रंग तोच, ओळींचा कल तोच, आणि रविवारीही ‘टीम मीटिंग अटेंड केली’.

यंदा एकाच दिवशी दोन फायली आल्या. पहिली फाईल गुळगुळीत. ऑनलाइन ‘व्हर्च्युअल इंटर्नशिप’, सोनेरी किनारीचं सर्टिफिकेट, क्यूआर कोड, इंग्रजीत शिफारस. मी त्या मुलाला सहज विचारलं, काय केलंस रे? म्हणाला, ‘काका, तीन व्हिडिओ बघायचे होते आणि पंधराशे भरायचे होते.’ कमिटीत फाईल पास. कागद सगळे होते ना.

दुसरी फाईल एका बीकॉमच्या पोराची. मामाचा वाशी एपीएमसीत कांदा-बटाट्याचा गाळा, तिथे त्याने महिनाभर काम केलं. पहाटे जायचं, चार तास, मग कॉलेज. लॉगबुकला कांद्याचा वास होता, थट्टा नाही, खरंच होता. आणि तीन वेगवेगळी पेनं. आत काय होतं? कुठल्या दिवशी किती गाड्यांची आवक, भाव सकाळी काय निघाला आणि आठ वाजता का पडला. शेतकऱ्याची पट्टी, म्हणजे विकलेल्या मालाचा हिशोब, कशी करतात, त्यातून काय काय वजा होतं. एका पानावर लिहिलेलं, ‘२०१६ पासून अडत (अडत्याचं कमिशन) शेतकऱ्याकडून घेत नाहीत, खरेदीदाराकडून घेतात. मामांना विचारलं, आधी पट्टी कशी असायची? मामांनी जुनी पट्टी दाखवली.’ खाली दोन्ही पट्ट्यांची तुलना, हाताने आखलेला तक्ता. दुसऱ्या एका पानावर माथाडी कामगारांची मजुरी थेट न देता माथाडी मंडळाकडे का भरतात, याची चौकशी. एम.कॉम.च्या प्रोजेक्टमध्ये मी असं वाचलेलं नाही.

फाईल नापास. कारण क्रमांक एक, लेटरहेड नाही. क्रमांक दोन, मेंटॉर नातेवाईक. दुसरं कारण चुकीचं आहे असं मी म्हणणार नाही. मामा-काकांचे शिक्के मारून आणलेली खोटी सर्टिफिकिटं मीच ढिगाने पाहिली आहेत, म्हणून तर नियम आला. पण खरं-खोटं बघायला एका शिक्षकाने सकाळी साडेसहाला एपीएमसीत एक चक्कर मारली असती तर पाच मिनिटांत कळलं असतं. आमच्या कॉलेजपासून रिक्षाला साठ-सत्तर रुपये होतात. ते कोणी द्यायचे, यासाठी आमच्याकडे बजेटमध्ये हेड नाही.

मला वाईट वाटतं ते याचं की नवी मुंबईसारखी जागा ओजेटीला शोधून सापडणार नाही. न्हावा शेवा बंदर हाकेच्या अंतरावर, सीबीडी आणि वाशीत कस्टम ब्रोकरांची ऑफिसं, महापे-रबाळेला एमआयडीसी, ऐरोलीला आयटी पार्क, तुर्भ्याला अख्ख्या मुंबईचं धान्य आणि भाजी उतरते. इतकं सगळं दाराशी असताना आमची पोरं मोबाईलवर तीन व्हिडिओ बघून चार क्रेडिट घेतात आणि आम्ही शिक्का मारतो. शिक्का मीच मारतो, हेही लिहायला हवं.

त्या कांदेवाल्या पोराचं काय झालं म्हणाल, तर त्याला सांगितलं की नव्याने १२० तास कर. त्याने आठवडाभरात फाईल आणली. सोनेरी किनार, क्यूआर कोड. मी काही बोललो नाही, तोही बोलला नाही. फक्त जाताना म्हणाला, ‘काका, ते जुनं लॉगबुक परत मिळेल का? मामांना हवंय.’

दिवाळ्याच्या मुलीचा फुलस्केप अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे, पिनांच्या डबीखाली. नियमाप्रमाणे तो ‘इतर’ फायलीत जायला हवा होता. जूनमध्ये नव्या बॅचचे मायनर फॉर्म सुरू होतील, म्हणून गेल्या आठवड्यात मी आमच्या सॉफ्टवेअरवाल्या मुलाला फोन करून सहज विचारलं, ड्रॉपडाऊनमध्ये एक नाव वाढवायला किती वेळ लागतो?

म्हणाला, ‘दोन मिनिटं, काका. फक्त मेल कोणाचा येणार ते सांगा.’